पातेल्यातला कीस

एका स्वयंपाकघरात नांदणाऱ्या जावा कपबशांवरून भांडतात, टीव्हीच्या आवाजावरून भांडतात, फार झालं तर कुणाचं माहेर मोठं यावरून भांडतात. या दोघी साबणावरून भांडायच्या. आता बोला! साबण तो काय, अंगाला लावायचा आणि पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यायचा. पण या घरात त्यावरून सकाळी सुरू झालेला वाद दुपारच्या चहापर्यंत पुरायचा, आणि चहानंतर पुन्हा नव्याने उकळायचा.

घरात माणसं तीन. थोरली जाऊ, धाकटी जाऊ आणि सासरे. दोघींचे नवरे बोटीवर नोकरीला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात फक्त त्यांचे फोटो. सासरे जुने घड्याळजी. आता डोळ्याला भिंग लावलं तरी आतली बारीक चाकं दिसत नाहीत म्हणून दुकान बंद केलेलं, पण कान शाबूत आणि जीभ तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती, खिडकी मोठी, फरशी जुनी, तिथे सुनांचा साबणाचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन टेबलं. एक थोरलीचं, एक धाकटीचं.

थोरलीची पद्धत गरम. तेलं पातेल्यात ओतायची, कॉस्टिक सोड्याचं पाणी त्यात सोडायचं, दाट होईतो घुसळायचं आणि मग झाकण ठेवून मंद आचेवर शिजवत बसायचं. आधी ते मिश्रण नासल्यासारखं फुटतं, मग कुस्करलेल्या बटाट्यासारखं होतं, आणि शेवटी व्हॅसलिनसारखी चमक धरतं. चमक आली की थोरली चमच्याच्या टोकावर एवढासा घेणार, फुंकर मारणार आणि जिभेच्या शेंड्याला लावणार. सोडा शिल्लक असला तर जिभेला झटका बसतो, विजेच्या तारेला हात लागावा तसा. नाही बसला तर साबण झाला. मग तो गोळा साच्यात दाबायचा, दुसऱ्या दिवशी कापायचा, की लागला कामाला. दिसायला मात्र ओबडधोबड. कडा खडबडीत, पोटात पोकळ्या, रंग फिकट मधासारखा.

धाकटीची पद्धत थंड. आच नाही, पातेलं नाही, चाखणं तर नाहीच नाही. ती सगळं वजनकाट्यावर करायची, थेंबसुद्धा इकडचा तिकडे नाही. सोड्याचं पाणी आणि तेलं कोमट होऊ द्यायची, ब्लेंडर फिरवायचा, मिश्रण सायीसारखं झालं की साच्यात ओतून वर टॉवेल पांघरायचा. पुढचं काम साबणाचं साबण करतो. कापून फळीवर मांडला की आठवडेच्या आठवडे मुरत पडायचा. पण दिसायला असा देखणा, की वापरायला जीव होऊ नये. गुळगुळीत, रंगांच्या लहरी अंगावर, कडा सुरीने आखल्यासारख्या.

“तुमचा साबण म्हणजे चिखलाचा गोळा आहे, वहिनी,” धाकटी म्हणायची.

“आणि तुझा म्हणजे नुसता मिरवायचा नवरदेव,” थोरली म्हणायची. “लग्न कधी लागायचं ते विचारायचं नाही. अगं, माणूस आज मळलाय आणि तू त्याला सांगतेस, थांब, माझी वडी मुरतेय!”

“पण माझं काम शास्त्रशुद्ध आहे. काट्यावर तोललेलं कधी चुकत नाही. तुमच्यासारखं जिभेला लावून बघायचं, हे काय बाई! अडाण्यांचं काम.”

“काटा तेल मोजतो. साबण झाला की नाही हे काट्याला कुठून कळणार?”

सासरे पेपराआडून म्हणायचे, “दोघींचंही बरोबर आहे, फक्त मला चहा द्या.” धाकटीचं नाव त्यांनी ‘काटेवाली’ पाडलं होतं. अंघोळीला मात्र ते थोरलीचाच साबण घ्यायचे. त्यांचं अंग कोरडं पडायचं, खाजायचं, आणि तो खडबडीत साबण त्यांना मानवायचा. धाकटीला ते सलायचं. बोलायची नाही, पण सलायचं. आपल्या एवढ्या देखण्या वड्या पाहुण्यांना दाखवायला काचेच्या कपाटात, आणि तो गोळा रोज न्हाणीघरात! गल्लीच्या टोकाचा सलूनवालाही दाढीसाठी थोरलीचाच साबण न्यायचा.

तर झालं असं. धाकटीला एका छोट्या हॉटेलाची ऑर्डर मिळाली. पांढऱ्याशुभ्र, बिनवासाच्या वड्या हव्या होत्या. बाई हवेत! सकाळपासून नाकाने कांदे सोलणं चालू. “हॉटेलवाले दिसण्याला किंमत देतात, वहिनी,” एवढं दहादा ऐकवून झालं. सोड्याचं पाणी करून ठेवलं, तेलं मोजायला घेतली आणि खोबरेल मध्येच संपलं. दुकान बंद. तिने काय करावं? उरलेली भरती सूर्यफुलाच्या तेलाने केली. वजन काट्यावर बरोबर आलं. काटा खूश, बाई खूश.

अहो, पण प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी! खोबरेल भरपूर सोडा खातं, सूर्यफुलाचं त्याच्यापेक्षा बरंच कमी. तेल बदललं की सोडा पुन्हा हिशेबाने घालायचा, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. धाकटीला ते येत होतं. येत नव्हतं असं नाही. घाईत आणि तोऱ्यात विसरली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कापायला घेतलं तर वडी सुरीखाली खडूसारखी मोडली. तुकड्यांवर बारीक दव आलेलं. बोट लावलं तर बोट चुरचुरलं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जास्तीचा सोडा आत तसाच बसला होता, आणि तो कितीही मुरवला तरी जाणार नव्हता.

यावर उपाय नव्हता असं नाही. उपाय थोरलीकडेच होता. बिघडलेली वडी किसायची, पातेल्यात मंद आचेवर वितळवायची, वरून नेमकं मोजून तेल घालायचं, आणि जिभेला झटका बसायचा थांबेपर्यंत शिजवत राहायचं. म्हणजे थंड पद्धतीच्या बाईने गरम पद्धतीच्या बाईपुढे जाऊन म्हणायचं, वहिनी, माझं चुकलं, जरा तुमचं पातेलं देता? आणि तेही हॉटेल, शास्त्र आणि अडाणी हे सगळं बोलून झाल्यावर! नाही जमलं तिला. एवढंसं वाक्य होतं, पण नाही जमलं.

तिने गुपचूप वड्या किसल्या. मोठा डबा भरून कीस झाला. हात चुरचुरायला लागले म्हणून शेवटच्या दोन वड्या तशाच एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि डबा फळीवर मागे सरकवला. कीस फेकायचा कुठे? मोरीत सोडा जाऊ द्यायचा नाही हा थोरलीचा दंडक, आणि केराच्या डब्यात टाकला तर तो थोरलीच्या नजरेला पडणार. शिवाय हॉटेलाला काय सांगायचं, हे वेगळंच.

त्याच दिवशी थोरलीचं पातेलं चढलं होतं. साबण शिजून चमक धरून बसला. थोरलीने चमच्यावर घेतला, फुंकर मारली, जिभेला लावला.

“झाला,” ती म्हणाली आणि गॅस बंद केला. तेवढ्यात खाली तेलाचे डबे घेऊन टेम्पोवाला आला. “लक्ष ठेव गं, मी डबे उतरवून घेते,” म्हणून थोरली जिना उतरली.

पातेलं वाफाळत होतं. धाकटीच्या मनाने त्या क्षणी जी वकिली केली ती काय सांगावी! शिजवलं की साबण सुधारतोच ना. वहिनीच म्हणतात. आणि गरम आहे अजून. आणि वहिनी तेल जरा सढळ घालतात, ते खाईल सोड्याला. आणि वाया जाण्यापेक्षा बरं. तिने डबा उपडा केला, सगळा कीस पातेल्यात ओतला आणि उलथण्याने खसाखस ढवळला. पण गॅस बंद झालेला होता. कीस वितळला थोडा, बाकीचा गुठळ्या होऊन तसाच बसला.

थोरली धापा टाकत वर आली. साच्यात भरताना थबकली. “हे पांढरे डाग कसले गं?”

“कडेला सुकलेलं मिसळलं असेल,” धाकटी म्हणाली. एवढं सहज म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

“असेल,” म्हणून थोरलीने साचा भरला. धाकटीच्या शब्दावर विश्वास ठेवायला तिला दोन क्षणही लागले नाहीत.

पुढे काय झालं ते ओळखायला काही लागत नाही. सासऱ्यांनी नवी वडी काढली, पाठ घासायच्या लांब दांड्याच्या ब्रशला चोळली आणि रोजच्यासारखी घसघस पाठ घासली. न्हाणीघरातून जो आवाज आला तो ऐकून दोघी धावल्या. म्हाताऱ्याची पातळ कातडी. पाठीवर लाल पट्टे उठले होते, दोन ठिकाणी तर फोड यायला लागलेले. थोरलीने पाठीवर पाण्याची धार धरली ती सोडलीच नाही. डॉक्टरांनी बघितलं, मलम दिलं आणि विचारलं, “साबण घरचा की काय?” थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्यावर तिने ती वडी हातात घेतली. ओलं बोट वडीवर फिरवलं आणि जिभेला लावलं. थांबली. पुन्हा लावलं. धाकटी दाराशी उभी राहून बघत होती आणि तिला दिसत होतं, की थोरलीचं बोट दोन पांढऱ्या डागांच्या मधून, चांगल्या साबणावरून फिरतंय. तिथे झटका कसा बसणार!

“मला काहीच लागत नाही,” थोरली म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. “बाबांची पाठ भाजली आणि माझ्या जिभेला पत्ता नाही.”

“वहिनी, अहो...”

“थांब, मला बोलू दे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मागे मला ताप आला होता ना, त्यात माझी चव गेली होती. सगळंच पाणचट लागायचं. मग आली परत, निदान मला वाटलं आली. मनात धाकधूक होती, पण म्हटलं, सांगितलं तर तुम्ही म्हणाल हिला आता बसवा घरात. म्हणून गप्प राहिले आणि पातेलं चढवत राहिले. हे माझं पाप आहे गं.”

आता खरं तर इथेच सगळं मिटायला हवं होतं. धाकटीने तोंड उघडायचं, एक वाक्य बोलायचं, थोरलीने चार शिव्या द्यायच्या, संपलं. धाकटीच्या ओठावर आलंसुद्धा. पण थोरली खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागली, आणि धाकटीने पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवला! ज्या हाताने कीस ओतला त्याच हाताने. आणि एकदा सांत्वन करून झाल्यावर सांगायचं कसं? ती मूग गिळून बसली.

थोरलीने त्या खेपेची वडी अन् वडी परत मागवली. स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सलूनवाल्याकडच्या, अजून कागदातूनही न काढलेल्या वड्या घेऊन आली. पातेलं घासून पुसून उलटं घालून ठेवलं. टेबलावर जुनी चादर टाकली.

“आता तूच कर,” ती धाकटीला म्हणाली. “तुझं काट्यावरचं काम. त्यात जिभेचा भरवसा धरायला नको. मी उगाच तुला हसत होते. माझी गिऱ्हाइकंही तूच सांभाळ.”

धाकटीला हवं ते सगळं मिळालं होतं. खोली तिची, गिऱ्हाइकं तिची, वादही तिनेच जिंकलेला. तिने हॉटेलाच्या वड्या नव्याने केल्या, तेल तीन-तीनदा तपासलं. पण साच्यात मिश्रण ओतताना थोरलीच्या चादर घातलेल्या टेबलाकडे पाठ करून उभी राहायला लागली.

त्याहून वाईट म्हणजे जेवण. थोरलीचा हात असा, की भाजीत मीठ टाकताना तिने कधी चमचा वापरला नाही. आता ती चिमूट हातात धरून ओट्यापाशी उभी राहायची आणि हाक मारायची, “अगं, जरा चाखून सांग. मला कळत नाही.”

पहिल्यांदा हाक आली तेव्हा धाकटीने ऐकलं न ऐकलंसं केलं. मग गेली, चमच्यावर रस घेतला, चाखला. “थोडं हवं,” म्हणाली. थोरलीने विश्वासाने थोडं टाकलं. “आता?” “आता ठीक.” दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. होता होता ती सवयच पडून गेली. धाकटी रोज जाऊन चाखायची, रोज सांगायची आणि रोज थोरली म्हणायची, “तू आहेस म्हणून बरं.” एखाद्या दिवशी तर भाजी अगदी बरोबर असायची, तरी थोरली विचारायची, आणि धाकटी “बरोबर आहे” म्हणाली तरी तिला खरं वाटायचं नाही. सरळ, ठणठणीत बाई, चहात साखर घातली की नाही एवढंसुद्धा दुसऱ्याला विचारायला लागली.

सासऱ्यांच्या पाठीला मलम लावायचं काम धाकटीने स्वतःकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. बोटाला मलम घेऊन ती त्या लाल पट्ट्यांवरून अगदी अलगद फिरवायची.

“हळू लावतेस गं तू,” सासरे म्हणाले. “एवढं जपायला मी काय घड्याळाची कमान आहे?”

“दुखत नाही ना, बाबा?”

“माझं काय, कातडी जुनी झाली, फाटायचीच. मला काळजी थोरलीची. तिच्या मनाने घेतलंय. बाजारात जायची, चार माणसांत बोलायची, आता खिडकीत बसते. तू तिला जरा सांभाळ. तुझंच ऐकते ती आता.”

आता सांगावं, धाकटीला वाटलं. म्हाताऱ्याला सांगणं सोपं. तोंड उघडलं तर शब्दाऐवजी हुंदका आला, आणि सासऱ्यांना वाटलं पोरगी आपल्या पाठीसाठी रडतेय. त्यांनी मान वळवून तिच्या डोक्यावर हात ठेवला. “गुणी आहेस,” म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते धाकटीला त्या दिवशी कळलं. मलमाची डबी तशीच ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

तिला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं. सांगायला उशीर होईल तितकं सांगणं महाग पडतं हेही कळत होतं. पण तिला भीती होती एकाच गोष्टीची. कीस ओतला ही चूक सांगता आली असती, ती घाईतली, तोऱ्यातली, माणसाची चूक. पण त्यानंतरच्या सगळ्या जेवणांचं काय सांगणार? तेव्हा तर घाई नव्हती.

असेच दिवस गेले आणि एका दुपारी सलूनवाला घरी आला. जाडजूड, घामाघूम, खांद्यावर टॉवेल तसाच. सासरे आरामखुर्चीत, थोरली खिडकीपाशी, धाकटी ताज्या वड्या कागदात गुंडाळत बसलेली.

“ताई, माझा दाढीचा साबण संपला,” तो थोरलीला म्हणाला. “बाजारचा लावला तर गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात.”

“मी बंद केलं हो,” थोरली म्हणाली. “आता हिच्याकडून न्या. हिचा मुरलेला आहे, सुंदर आहे, फेसही छान येतो.”

“यांचा चांगलाच असेल, पण मला तुमचाच हवा. सवयीचा.”

“माझ्या हातून नको. बाबांची पाठ कशी झाली ते बघितलंत ना? तुम्ही वस्तरा लावता माणसांच्या गळ्याला, त्याआधी माझा साबण. उद्या कुणाचा चेहरा भाजला तर मी कुठे तोंड दाखवू?” आणि मग, जणू हवापाण्याचं सांगावं तसं, परक्या माणसासमोर ती म्हणाली, “माझी जीभ मेलीय हो. मला आता काही कळत नाही. मीठसुद्धा हीच सांगते मला.”

सलूनवाल्याने मान खाली घातली. सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. धाकटीच्या हातातली वडी कागदातून निसटून फरशीवर पडली.

“तुमची जीभ चांगली आहे!” धाकटी ओरडली. ओरडलीच. “वहिनी, तुमची जीभ चांगली आहे, माझंच सगळं चुकलं. तुमचा साबण चांगला झाला होता. तुम्ही चाखलात तेव्हा चांगलाच होता. तुम्ही खाली डबे घ्यायला गेलात आणि मी त्यात माझा बिघडलेला साबण किसून टाकला. सूर्यफुलाचं तेल घातलं आणि सोडा बदललाच नाही. ते पांढरे डाग माझे होते. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले.”

सलूनवाला उठावं की बसावं या पेचात अर्धवट उठून उभा राहिला, आणि मग “मी येतो नंतर” पुटपुटत हळूच बाहेर सटकला.

थोरली जागची हलली नाही. “तुझी ती बिघडलेली वडी आहे का अजून?” तिने विचारलं.

धाकटीने फळीवर मागे सरकवलेला पत्र्याचा डबा आणला. झाकण निघता निघेना. आत त्या दोन वड्या, खडूसारख्या, कडांवर पांढरी पूड जमलेली. थोरलीने बोट ओलं केलं, वडीवर जेमतेम टेकवलं आणि जिभेच्या शेंड्याला लावलं.

तिने मान अशी झटकन मागे घेतली की अंबाड्याचा काटा निघाला. डोळ्यांत पाणी आलं. धावत जाऊन तिने नळाखाली तोंड धरलं, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि ओल्या तोंडाने वळून हसायलाच लागली. “लागलं! बाबा, लागलं मला! काय सणसणीत लागलं! काही झालं नाहीये माझ्या जिभेला!”

“मग मी काय सांगत होतो?” म्हातारा म्हणाला. त्याने असलं काही कधीच सांगितलं नव्हतं, पण त्याच्या चष्म्याची काच धुरकट झाली होती.

धाकटीही रडत रडत हसली. एक क्षणभर तिला वाटलं, सुटले. तिने थोरलीचा हात धरायला हात पुढे केला.

थोरलीचं हसू तेव्हाच विरलं. ती धाकटीकडे बघायला लागली, एखादी गोष्ट हळूहळू जुळवत जावी तशी. रागाचं बघणं नव्हतं ते. राग असता तर बरं झालं असतं.

“साबण बिघडतो,” ती म्हणाली. “माझाही बिघडलाय. पातेल्यात टाकलास, खोटं बोललीस, तेही समजतं मला. घाबरलीस. बाबांची पाठ भाजली, ती बरीसुद्धा झाली.”

“वहिनी, माफ करा मला.”

“पण मी रोज तुला हाक मारत होते,” थोरली म्हणाली. “ओट्यापाशी. मी म्हणायचे, मला कळत नाही गं, तू चाख. आणि तू यायचीस, चाखायचीस, आणि मला सांगायचीस.”

धाकटीने पुढे केलेला हात मागे घेतला.

“रोज,” थोरली म्हणाली आणि आत निघून गेली.

सासऱ्यांनी धाकटीकडे बघितलं नाही. पेपराची घडी घालत म्हणाले, “जा, तोंड धू.” काटेवाली म्हणाले नाहीत, गुणीही म्हणाले नाहीत.

मागच्या खोलीतून चादर ओढल्याचा आवाज आला, मग पातेलं सरळ ठेवल्याचा. थोरली कामाला लागली होती. धाकटी उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, पण आत ये असं कुणी म्हटलं नाही, नको येऊ असंही नाही. थोडा वेळ थांबून ती परत फिरली आणि फरशीवर पडलेल्या वडीचे तुकडे गोळा करत बसली.

संध्याकाळी स्वयंपाक थोरलीने केला. धाकटी बाहेरच्या खोलीत कान टवकारून बसली होती. फोडणीचा आवाज आला, झाकण ठेवल्याचा आला, मिठाची बरणी उघडल्याचा आला. आता हाक येईल, तिला वाटलं, आणि येऊ दे असंही वाटलं, जन्मात कधी वाटलं नसेल इतकं वाटलं. बरणी बंद झाली. हाक आली नाही.

थोरलीने तिघांची पानं वाढली. धाकटीलाही वाढलं, नेहमीएवढंच, नेहमीसारखंच, आधी तिला आणि मग स्वतःला. सासरे एक घास खाऊन म्हणाले, “वा!” धाकटीने भाजीचा घास तोंडात घातला. मीठ अगदी नेमकं पडलं होतं, रतिभरही कमी नाही की जास्त नाही. ती तो घास तोंडात घोळवत राहिली, आणि काही केल्या तिला तो गिळता येईना.